पान होतं, पण सापडत नव्हतं! सर्च इंजिन, ब्लॉग आणि आपल्या मराठीची गोष्ट



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मंगळवार पेठेतली, शेजारच्याच गल्लीतली एक मुलगी दुकानात आली. कॉलेजला आहे, पेठेतल्या फुटबॉलवर प्रोजेक्ट करतेय. म्हणाली, "काका, आजोबा म्हणतात त्यांनी जुन्या मॅचेसवर मोठा लेख लिहिला होता, आणि तुम्ही तो नेटवर टाकलेला. मी सगळीकडं शोधलं. कायच येत नाही. सर म्हणतात, लिंक दाखव नाहीतर ते धरता येणार नाही."

आजोबा खोटं बोलत नव्हते. २००१ साली एका मंडळाची स्मरणिका मीच टाईप केली होती. डीटीपीचा धंदा नवीन होता, हौस दांडगी होती. स्मरणिकेतले १८ लेख मी एका फुकट जागा देणाऱ्या सेवेवर वेबसाईट करून टाकले होते. ती सेवा पुढे कधीतरी बंद झाली, त्याबरोबर साईटही गेली. पण खरी गंमत वेगळीच आहे. साईट चालू होती तेव्हासुद्धा ती सर्चमध्ये कधीच सापडली नाही! कुणाला पत्ता लिहून दिला तर पान उघडायचं, मराठी अक्षरं झकास दिसायची. पण शोध घेतला की शून्य.

असं का व्हायचं? आणि आज तेच लेख काही दिवसांत सापडायला लागले, ते कसं? याचं उत्तर देताना सर्च इंजिन आणि ब्लॉग या दोन्ही तंत्रज्ञानांचा सुरुवातीचा इतिहास आपोआप समजतो. चला तर मग, एकेक टप्पा बघूया.

सर्च इंजिनच्या आधी काय होतं?

पहिलं सर्च साधन वेबसाठी नव्हतंच, कारण तेव्हा वेब अजून लोकांपर्यंत पोचलं नव्हतं. १९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या ॲलन एम्टेज यांनी 'आर्ची' बनवलं. तेव्हा वेगवेगळ्या विद्यापीठांच्या संगणकांवर फाईली ठेवलेल्या असायच्या. कुठली फाईल कुठे आहे, हे आर्ची सांगायचं. पण फक्त फाईलचं नाव. आत काय लिहिलंय याचा त्याला पत्ता नसे.

मग वेब आलं आणि पानं वाढायला लागली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी 'जम्पस्टेशन' सुरू केलं. ते पानांची शीर्षकं आणि मथळे वाचायचं. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ब्रायन पिंकर्टन यांचं 'वेबक्रॉलर' आलं आणि त्याने पानावरचा सगळा मजकूर वाचायला सुरुवात केली. नाव, मग मथळा, मग पूर्ण मजकूर, अशा या तीन पायऱ्या होत्या.

त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी वेगळी वाट धरली. माणसांनी साईट बघायच्या आणि विषयवार यादीत टाकायच्या. तीच पुढे 'याहू' झाली. आपल्याकडे राजेश जैन यांच्या 'इंडियावर्ल्ड'चं 'खोज' याच पद्धतीचं होतं, भारतीय साईटींची विषयवार यादी. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा नेट म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसांनीसुद्धा ती बातमी वाचली असेल.

यादीचा फायदा म्हणजे माणूस निवडतो, त्यामुळे कचरा कमी. तोटा म्हणजे माणूस थकतो. पानं लाखांनी वाढायला लागल्यावर यादी मागे पडली आणि यंत्राचं राज्य आलं. १५ डिसेंबर १९९५ ला 'अल्टाव्हिस्टा' सुरू झालं, त्याच्या पोटात सुमारे १ कोटी ६० लाख पानं होती. कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना हे नाव नक्की आठवत असेल.

यंत्र शोधतं म्हणजे नेमकं काय करतं?

इथे एक मोठा गैरसमज काढून टाकूया. आपण शब्द टाईप करून एंटर दाबतो, तेव्हा सर्च इंजिन जगभरच्या वेबसाईट धुंडाळायला पळत नाही. त्याने ते काम आधीच उरकलेलं असतं.

त्याचे तीन भाग आहेत.

पहिला, क्रॉलर. हा एक प्रोग्रॅम एका पानावर जातो, ते वाचतो, त्यावरच्या लिंक धरून पुढच्या पानावर जातो. गल्लीबोळातून फिरणाऱ्या पोस्टमनसारखा. ज्या घराकडे एकही रस्ता जात नाही, म्हणजे ज्या पानाची लिंक कुठेच नाही, ते घर त्याला सहसा सापडत नाही.

दुसरा, सूची. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते बघा, 'खासबाग – पान १२, ४५, ८८' अशी. अगदी तसंच. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या कुठल्या पानांवर आहे याची यादी. तुम्ही शब्द टाकलात की इंजिन फक्त या सूचीत बघतं, म्हणून उत्तर क्षणात येतं.

तिसरा, क्रम. यादीत हजारो पानं निघाली तर वर कुठलं दाखवायचं?

क्रमासाठी सुरुवातीची इंजिनं मुख्यतः शब्द पानावर किती वेळा आलाय, कुठे आलाय हे बघायची. शिवाय कुठला शब्द किती दुर्मीळ आहे हेही मोजलं जातं. समजा तुम्ही 'पाटाकडील तालीम फुटबॉल' असं शोधलंत. 'फुटबॉल' लाखो पानांवर आहे, 'तालीम' हजारो. पण 'पाटाकडील' हा शब्द बहुतेक आमच्या पेठेच्या संदर्भातच येणार. म्हणून त्या एका शब्दाचं वजन जास्त. शोधताना नेहमी दुर्मीळ शब्द टाका असं मी सांगतो, त्यामागे हे कारण आहे.

पण नुसते शब्द मोजण्यात लबाडीला वाव होता. पानावर एकच शब्द दोनशे वेळा लिहून ठेवला की पान वर! यावरचा तोडगा लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी काढला आणि १९९८ साली गूगल कंपनी सुरू झाली. त्यांच्या 'पेजरँक'ची कल्पना कोल्हापूरकराला एका वाक्यात समजेल. पोरगा स्वतः कितीही म्हणाला की मी भारी पैलवान आहे, त्याला किंमत नाही. चार नामांकित वस्तादांनी त्याचं नाव घेतलं तर आहे. पानाला दुसऱ्या पानाने दिलेली लिंक म्हणजे ते नाव घेणं. आणि नाव घेणारा जेवढा मोठा, तेवढं त्याचं वजन जास्त.

या पद्धतीचा फटकाही आम्हाला बसला. मंगळवार पेठ पुण्यातही आहे, सोलापुरातही आहे, साताऱ्यातही आहे. नुसतं 'मंगळवार पेठ' शोधलं की बराच काळ पुण्याची पेठ वर यायची. तिच्याबद्दल पानं जास्त आणि लिंकही जास्त. आता तुम्ही कुठे बसून शोधताय हे इंजिन लक्षात घेतं, त्यामुळे जरा बरं आहे. तरी कोल्हापूर हा शब्द जोडलेला चांगला.

वाढीचा वेग बघा. १९९८ मध्ये गूगलच्या सूचीत २ कोटी ६० लाख पानं होती. २००० साली तो आकडा १०० कोटींवर गेला. मग एवढ्या मोठ्या सूचीत आमची १८ पानं का नव्हती?

मराठी दिसत होती, पण मराठी नव्हती

आता मुख्य मुद्दा. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. कुठला क्रमांक म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. इंग्रजीचं ते केव्हाच ठरलेलं होतं. मराठीसाठी आपण जुगाड केला. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं!

उदाहरण म्हणून 'कृतिदेव ०१०' हा फॉन्ट घेऊ. त्यात 'कोल्हापूर' असं दिसण्यासाठी फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवली जातात ती अशी: डी, के, एस, कॅपिटल वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. तुमच्या डोळ्यांना 'कोल्हापूर' दिसतं. संगणकाला मात्र ही नऊ अर्थहीन इंग्रजी अक्षरंच दिसतात. क्रॉलर आला, त्याने हीच अक्षरं वाचली, आणि सूचीत शब्द म्हणून तीच लिहून ठेवली. आता तुम्ही 'कोल्हापूर' शोधा किंवा इंग्रजी स्पेलिंग टाकून शोधा, जुळणार कसं?

त्यात आणखी तिढा. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. म्हणजे एकच शब्द चार फॉन्टमध्ये चार वेगवेगळ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी. शिवाय क्रमही दिसेल तसा. 'मिसळ' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'म'च्या डावीकडे दिसते, म्हणून फाईलमध्येही ती 'म'च्या आधी ठेवायची. 'धर्म'मधला रफार उजवीकडे दिसतो, म्हणून तो 'म'च्या नंतर. बोलताना आपण असं बोलत नाही, पण टाईपरायटरची सवय तशी होती.

वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तर पानावर सगळा इंग्रजी कचरा दिसायचा. त्यावर १९९७ च्या आसपास 'डायनॅमिक फॉन्ट' हा उपाय आला. पानाबरोबर फॉन्टही आपोआप उतरायचा. नेटस्केपसाठी एक प्रकार, इंटरनेट एक्सप्लोररसाठी दुसरा. माझी २००१ ची साईट याच पद्धतीची होती. मला वाटलं प्रश्न सुटला. पण सुटला होता फक्त दिसण्याचा प्रश्न. आतली अक्षरं इंग्रजीच होती, आणि इंजिन आतलंच वाचतं. तेव्हाच्या कितीतरी मराठी साईटींची हीच गत होती. भरपूर लिहिलेलं होतं, पण सर्चच्या दृष्टीने ते मराठी नव्हतंच.

म्हणून त्या काळात मराठी साईट सापडायच्या त्या कुणीतरी सांगितल्यामुळे. १९९६ साली अजय गल्लेवाले यांनी सुरू केलेली 'मायबोली' परदेशातल्या मराठी माणसांमध्ये पसरली ती तोंडोतोंडी.

युनिकोड: प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक

यावरचं औषध खरं तर आधीच तयार होतं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाणक १९८८ मध्ये ठरलं होतं. त्यावर आधारून १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ क्रमांकांची स्वतःची पट्टी मिळाली, २३०४ पासून २४३१ पर्यंत. 'क'चा क्रमांक २३२५. फॉन्ट कुठलाही असो, 'क' म्हणजे २३२५च. आणि क्रम दिसण्याप्रमाणे नाही, उच्चाराप्रमाणे: आधी 'म', मग वेलांटी. कुठे काढायचं ते फॉन्ट बघून घेईल.

मग दहा वर्षं का लागली? कारण नियम कागदावर असून भागत नाही, घरातल्या मशीनला तो कळायला हवा. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आणि 'मंगल' फॉन्ट आला. २००१ मध्ये एक्सपी आली, पण तिच्यातही सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून मराठीचा आधार चालू करावा लागायचा. आणि आमच्याकडे बहुतेक कॅफेत विंडोज ९८ होती, तिथे युनिकोड मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. म्हणजे माझ्यासारख्यापुढे पेच होता: जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं तर माणसाला दिसतं पण यंत्राला नाही, युनिकोडमध्ये लिहिलं तर यंत्राला दिसतं पण माणसाला नाही. मी माणसाची बाजू घेतली. तेव्हा ती बरोबरच वाटली होती.

ब्लॉगने काय बदललं?

'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली जॉर्न बार्जर यांनी वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीत त्याचे दोन तुकडे केले आणि 'ब्लॉग' जन्माला आलं. पण शब्दापेक्षा महत्त्वाचं होतं ते साधन.

त्याआधी पान टाकायचं म्हणजे एचटीएमएल हाताने लिहा, मग फाईल सर्व्हरवर चढवा, मग मुखपृष्ठावर नवीन लिंक जोडा, जुनी खाली सरकवा. एक स्वल्पविराम दुरुस्त करायचा तरी परत सगळं तेच. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' काढलं. एक रिकामा चौकोन, त्यात लिहा, बटण दाबा. मजकूर एका कोठारात साठतो, साचा वेगळा असतो, आणि दोन्ही मिळून पान आपोआप तयार होतं. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने ब्लॉगर विकत घेतलं. त्याच वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

सर्चच्या दृष्टीने ब्लॉगमध्ये चार गोष्टी नव्या होत्या.

१. प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता. आधी सगळे लेख एकाच लांबलचक पानावर असायचे. आता एक लेख, एक पान, एक शीर्षक. सूचीत नोंद करायला सोपं.

२. आरएसएस. १९९९ मध्ये नेटस्केपने आणलेली ही सोय म्हणजे नवीन लेखांची यंत्राला वाचता येईल अशी यादी. 'मराठी ब्लॉग विश्व'सारखी ठिकाणं याच्याच जोरावर सगळ्या मराठी ब्लॉगांवरचं नवीन लेखन एका जागी दाखवायची.

३. पिंग. लेख टाकला की ब्लॉग स्वतःच कळवतो, 'नवीन आलंय, या.' क्रॉलरची वाट बघत बसायला नको. ब्लॉग शोधणारं 'टेक्नोराती' २००२ मध्ये याच पायावर उभं राहिलं. २००५ मध्ये गूगलनेही ब्लॉगसाठी वेगळा शोध सुरू केला.

४. एकमेकांच्या लिंक. ब्लॉगवाले एकमेकांची नावं घ्यायचे. वस्तादांची गोष्ट आठवा, लिंक म्हणजे वजन.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: नव्या साधनांनी युनिकोड स्वीकारलं. टाईप करायची अडचण 'बरहा', ओंकार जोशी यांचं 'गमभन' अशा साधनांनी सोडवली. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहा, मराठी उमटेल. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये 'मनोगत' आलं, दोन्ही युनिकोडवर. २००७ पासून ब्लॉगरमध्येच हिंदी लिहिण्याची सोय आली, मागोमाग मराठीची. आणि मराठी शब्द मराठीत टाकून शोधणं ही रोजची गोष्ट झाली.

तरी अजून सगळं सरळ नाही

युनिकोड आलं म्हणजे सगळे प्रश्न मिटले असं नाही. मराठीचे काही खास तिढे आहेत, ते माहीत असलेले बरे.

एक, आपले शब्द रूप बदलतात. 'कोल्हापूर'चं 'कोल्हापुरात' होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. 'तालीम'चं 'तालमीत' होताना मधली वेलांटीच उडते. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनला हे वेगळेच शब्द वाटायचे. मोठी इंजिनं आता बरंच सांभाळून घेतात, पण छोट्या साईटींवरचा आतला शोध अजूनही इथेच अडकतो.

दोन, दिसायला एक पण आतून वेगळं. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन लिहायचे, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, क्रमांक वेगळे. 'खेळणाऱ्या'मधला अर्धा र सुद्धा दोन पद्धतींनी साठवला जातो. शोध रिकामा आला तर शब्द बदलून बघा, अशी अक्षरं टाळून बघा.

तीन, आणि हा सगळ्यात मोठा, आपण आज पुन्हा तीच चूक करतोय. मंडळाचा अहवाल, श्रद्धांजलीचा लेख, सामन्यांचा वृत्तांत, सगळं फोटो करून व्हॉट्सॲपवर फिरतं. फोटोत अक्षरं दिसतात, पण आत फक्त रंगाचे ठिपके असतात. जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफचंही तेच; त्यातला मजकूर कॉपी करून बघा, इंग्रजी कचरा येईल. २००१ मध्ये मी जे केलं तेच आपण अधिक चांगल्या कॅमेऱ्याने करतोय. आणि आता तर एआयवाले प्रोग्रॅमसुद्धा नेटवरच्या मजकुरावरच शिकतात. जे मजकूर म्हणून नाही, ते त्यांच्याही खिजगणतीत नाही.

तुमच्याकडचं जुनं लेखन कसं वाचवाल?

माझ्याकडे त्या स्मरणिकेची सीडी होती. १८ पैकी ११ लेख नीट निघाले. तीन फाईली उघडल्याच नाहीत. उरलेल्या चारांची छापील पानं मंडळाच्या कपाटातून मिळाली. केलं ते असं:

१. आधी तपासा. फाईल उघडा, मजकूर निवडा, फॉन्ट बदलून 'मंगल' करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे. इंग्रजी कचरा झाला तर जुना फॉन्ट आहे.

२. मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवा. तिला हात लावू नका. फॉन्टचं नाव आकड्यासकट लिहून ठेवा.

३. त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा. नेटवर फुकट मिळतात. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्री-लिपीला चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

४. हाताने वाचून दुरुस्त करा. चुका ठरलेल्या जागी असतात: रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं, आकडे. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. चुकलेला शब्द म्हणजे न सापडणारा शब्द.

५. छापील पान असेल तर फोनने नीट उजेडात फोटो काढा आणि अक्षरं ओळखणाऱ्या साधनातून काढा. गूगल लेन्सला देवनागरी बऱ्यापैकी वाचता येते. नंतर दुरुस्ती आहेच.

६. ब्लॉगवर टाका, एक लेख एक पान. शीर्षकात गावाचं, पेठेचं, माणसाचं नाव घाला. 'आठवणी' असं शीर्षक दिलंत तर लाखभर आठवणींत तुमची हरवली म्हणून समजा. फोटो टाकलात तर त्याखाली मजकुरात माहिती लिहा.

७. एखाद्या चालू साईटवरून त्या पानाला लिंक मिळवा. पोस्टमनला रस्ता लागतो.

८. टाकलेल्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. फुकटची जागा कधी बंद होईल सांगता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

आणि हो, लिहिणारे किंवा त्यांच्या घरचे असतील तर आधी त्यांना विचारा. लेखन त्यांचं आहे.

शेवटी

आजोबांचा लेख मी सगळ्यात आधी घेतला. फाईल मंगलमध्ये उघडली तेव्हा पानभर नुसती इंग्रजी अक्षरं होती. कन्व्हर्टरमधून काढली आणि शाहू स्टेडियम, खासबाग, तालमीतली माती, पावसात झालेली एक मॅच, एकेक ओळ परत मराठी होत गेली. पोरगी शेजारी बसून वाचत होती. ब्लॉगवर टाकल्यावर काही दिवसांनी तिचा मेसेज आला, आजोबांचं नाव आणि पेठेचं नाव टाकलं की पहिलाच लेख तो येतोय.

संध्याकाळी आजोबा स्वतः दुकानात आले. नातीच्या फोनवर सगळा लेख त्यांनी वाचून काढला होता. म्हणाले, "झकास झालंय रे. पण तिसऱ्या परिच्छेदात स्कोअर चुकवलायस तू. दोन-एक होता, एक-दोन न्हवं."

सीडी काढून बघितली. चूक २००१ ची, माझीच. इतकी वर्षं ते पान कुणाला सापडलंच नव्हतं, मग चूक तरी कोण सांगणार? तिथल्या तिथे दुरुस्त केली.

तुमच्याही घरात, मंडळात, शाळेत अशा सीडी आणि स्मरणिका पडून असतील. ज्यांनी लिहिलं ती माणसं अजून आहेत तोवर त्या बाहेर काढा. काही अडलं तर खाली विचारा, फॉन्टचं नाव सांगायला विसरू नका.